जंतू सापडला, पण तो करतो काय? शंभुनाथ दे आणि पटकीचं विष



आजच्या व्याख्यानाचा विषय एक छोटा लेख आहे. 30 मे 1959 च्या ‘नेचर’ या नियतकालिकात तो छापून आला. लांबी जेमतेम दोन पानं. लेखक एकच : कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक शंभुनाथ दे. विषय कॉलरा, म्हणजे आपण ज्याला पटकी म्हणतो तो रोग.

मी वैद्यकाचा माणूस नाही. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. तेव्हा आजचं बोलणं डॉक्टरांना शिकवण्यासाठी नाही. ‘अमुक हे तमुकाचं कारण आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो, हा तत्त्वज्ञानातला फार जुना प्रश्न. वर्गात तो मातीचा घडा नि कुंभार घेऊन शिकवला जातो आणि मुलं जांभया देतात. पण हाच प्रश्न एका माणसाने नीट विचारला, आणि त्याच्या उत्तराने एका भीषण रोगाकडे बघण्याची दृष्टी बदलली. ती गोष्ट आज सांगायची आहे.

पटकी म्हणजे काय

आधी रोग समजून घेऊ. आजच्या तरुण पिढीला पटकीची भीती माहीत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण आपल्या भाषेत ती भीती अजून शिल्लक आहे. ‘पटकी येवो तुला’ ही शिवी आपल्या आज्यांच्या तोंडी होती. गावाच्या वेशीवर मरीआईचं देऊळ असतं. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचे, म्हणजे रोग पुढच्या गावाला जायचा! पंढरीच्या वारीला जाण्याआधी टोचून घ्यावं लागे, ते तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

ही भीती उगाच नव्हती. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस रात्री सरणावर जायचा. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब, उलट्या, पायांत गोळे, डोळे खोल गेलेले, कातडी सुरकुतलेली, आवाज बसलेला. जोरात लागण झालेल्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. उपचार झाला नाही तर अशा रुग्णांपैकी निम्मेसुद्धा दगावतात.

1817 साली बंगालमधून ही साथ उठली आणि व्यापाराच्या, सैन्याच्या वाटेने देशोदेशी पसरली. एकोणिसाव्या शतकात तिच्या लाटांवर लाटा आल्या. युरोपात पहिली मोठी लाट 1830 च्या सुमारास पोचली, आणि तिथल्या डॉक्टरांची तशीच तारांबळ उडाली जशी इथल्या वैद्यांची उडाली होती.

कारण सापडलं, असं वाटलं

आता शोधाचा इतिहास थोडक्यात. लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनी 1849 मध्ये मांडलं, आणि 1855 मध्ये पुष्कळ पुराव्यानिशी पुन्हा मांडलं, की हा रोग घाण झालेल्या पाण्यातून पसरतो. त्याच सुमाराला, 1854 मध्ये, फ्लॉरेन्सला फिलिप्पो पाचिनी यांनी मेलेल्या रुग्णांच्या आतड्यात सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू पाहिले. त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

मग आले रॉबर्ट कॉख. 1883 मध्ये ते इजिप्तला गेले. तिथली साथ ओसरल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याला आले. रुग्णांच्या आतड्यातून त्यांनी तो वाकडा जंतू वेगळा काढला, शुद्ध स्वरूपात वाढवला, आणि लोक जिथे धुणं धूत, अंघोळ करत आणि ज्याचं पाणी पीत, अशा एका तलावातही तो दाखवला. 1884 च्या सुरुवातीला त्यांनी बर्लिनला कळवलं, की कॉलऱ्याचा जंतू सापडला. जर्मनीत त्यांचं वीरासारखं स्वागत झालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, नाही का? रोग आहे, जंतू आहे. कारण सापडलं. पण ती संपली नाही.

रोगाचं कारण सिद्ध करायला काय काय दाखवावं लागतं, याच्या काही अटी कॉख यांच्या नावाने ओळखल्या जातात. जंतू प्रत्येक रुग्णात सापडला पाहिजे. तो शरीराबाहेर शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे. आणि तो निरोगी प्राण्याला दिला, की त्याला तोच रोग झाला पाहिजे. कॉलऱ्याच्या बाबतीत पहिल्या दोन अटी पुऱ्या झाल्या. तिसरी काही केल्या होईना. माणसाला होणारा कॉलरा उंदराला, सशाला, गिनीपिगला होतच नव्हता. कॉख यांनी गिनीपिगच्या पोटातलं आम्ल सोड्याने मारलं, आतड्याची हालचाल मंदावावी म्हणून अफू दिली, मग जंतू दिले. प्राणी मेले. पण तांदळाच्या धुवणासारखे जुलाब काही झाले नाहीत.

विरोधकांना संधी मिळाली. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर हे सार्वजनिक आरोग्याचे मोठे जाणकार. त्यांचं म्हणणं, की एकट्या जंतूने काही होत नाही. जमीन, ऋतू, त्या जागेची परिस्थिती हे सगळं जुळून यावं लागतं. हे सिद्ध करायला त्यांनी ऑक्टोबर 1892 मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, कॉलऱ्याच्या जंतूंचा प्याला स्वतः पिऊन टाकला! थोडेसे जुलाब झाले आणि म्हातारा ठणठणीत राहिला.

आपण आज पेटेनकोफरांना हसतो. हसू नका. त्यांचा निष्कर्ष चुकला, पण त्यांनी बोट ठेवलं होतं ती जागा खरोखर रिकामी होती. जंतू आणि जुलाब, या दोहोंच्या मधे काय घडतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कुऱ्हाड, लाकूड आणि मधली गोष्ट

आता मला माझ्या विषयाकडे वळू द्या. आपल्या न्यायदर्शनात कारणाचा विचार फार बारकाईने केला आहे. तो इथे उपयोगी पडतो.

नैयायिक म्हणतात, कार्याच्या आधी नेमाने असतं ते कारण. पण आधी असणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. घडा होण्याआधी माती होती, चाक होतं, कुंभार होता. आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं! मग गाढव हे घड्याचं कारण का? नाही. ते होतं खरं, पण त्याच्यावाचून अडलं नसतं; माती डोक्यावरूनही आणता आली असती. अशा गोष्टीला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ असं नाव दिलं. गाढव कोणतं नि कुंभार कोणता, हे ओळखायचं कसं? अन्वय-व्यतिरेकाने. ते असेल तर कार्य होतं, आणि बाकी सगळं तसंच ठेवून ते काढून घेतलं तर होत नाही. पश्चिमेत जॉन स्टुअर्ट मिल यांनी 1843 मध्ये जवळपास हीच गोष्ट आपल्या पद्धतीने मांडली.

पण नैयायिक एक पाऊल पुढे जातात. लाकूड तोडायचं कारण कुऱ्हाड. बरोबर. पण कोपऱ्यात टेकून ठेवलेली कुऱ्हाड लाकूड तोडत नाही. कुऱ्हाडीचा लाकडाशी आघाती संयोग व्हावा लागतो. हा संयोग कुऱ्हाडीमुळे उत्पन्न होतो, आणि तो लाकडाचे तुकडे करतो. कारणातून जन्मलेली आणि कार्याला जन्म देणारी ही जी मधली गोष्ट, तिला न्यायाच्या परिभाषेत ‘व्यापार’ म्हणतात. आपल्या धंद्यापाण्यातला व्यापार नव्हे बरं का. कारणाचं प्रत्यक्ष चालणं, या अर्थाने व्यापार.

आता कॉलऱ्याकडे बघा. कॉख यांनी कुऱ्हाड शोधली होती. समोर तोडलेलं लाकूड पडलं होतं. व्यापार सापडत नव्हता. आणि व्यापार माहीत नसेल तर काय होतं? आपण लाकूड वाचवायचे चुकीचे उपाय करत बसतो.

पंचाहत्तर वर्षांचा वळसा

कॉख यांना अंदाज होता, की हा जंतू एखादं विष तयार करत असणार. 1884 मध्येच त्यांनी तसं बोलून दाखवलं होतं. मग ते विष सापडायला 1959 साल का उजाडावं लागलं? पंचाहत्तर वर्षं!

याचं उत्तर मला फार शिकवून जाणारं वाटतं. विष शोधणाऱ्यांनी ते प्राण्याच्या शिरेत टोचून पाहिलं, पोटाच्या पोकळीत टोचून पाहिलं. प्राणी मरतो का, एवढंच ते बघत होते. 1892 च्या सुमारास कॉख यांचेच शिष्य रिचर्ड फायफर यांनी दाखवलं, की मेलेले कॉलऱ्याचे जंतू टोचले तरी गिनीपिग मरतो. म्हणजे विष जंतूच्या शरीरातच आहे, तो फुटला की ते बाहेर पडतं, आणि उकळलं तरी टिकतं. हे खरंच आहे. असं अंतर्विष त्या जंतूत असतं. पण ते अनेक जंतूंत असतं, आणि कॉलऱ्याचे जुलाब त्याने होत नाहीत. घड्याचं कारण शोधताना गाढव हाती लागलं होतं, आणि त्या गाढवावर दोन पिढ्यांनी संशोधन केलं.

चूक कुठे होती? कौशल्य कमी नव्हतं, बुद्धी कमी नव्हती. प्रश्न चुकीच्या जागी विचारला जात होता. माणसाला कॉलरा होतो तो आतड्यात. जंतू आतड्याच्या आतल्या पोकळीत राहतो, रक्तात शिरत नाही. मग रक्तात टोचून काय कळणार? पण ‘विष’ म्हटलं की ते सगळ्या शरीरात भिनतं, ही कल्पना इतकी घट्ट होती, की आतड्याला विचारावं असं फारसं कुणाला सुचलंच नाही. नाही म्हणायला 1915 मध्ये व्हिओल आणि क्रेंदिरोपुलो या दोघांनी सशाच्या आतड्यावर तसा प्रयोग करून छापलाही होता. तो ग्रंथालयात पडून राहिला.

हुगळीचा मुलगा

शंभुनाथ दे यांचा जन्म 1915 चा, हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी या गावचा. शिक्षण कलकत्ता मेडिकल कॉलेजात, 1939 ची पदवी. पुढे 1947 मध्ये ते लंडनला गेले आणि रॉय कॅमेरॉन या नामवंत विकृतिशास्त्रज्ञांच्या हाताखाली 1949 मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. तिथे दोघांनी मिळून फुप्फुसात पाणी कसं साचतं यावर काम केलं होतं. मला हा धागा महत्त्वाचा वाटतो. रक्तवाहिनीतलं पाणी नको तिथे कसं गळतं, हा प्रश्न डोक्यात घेऊन हा माणूस कलकत्त्याला आला. आणि कलकत्त्यात काय होतं? कॉलऱ्याचे वॉर्ड, जिथे माणसांच्या शरीरातलं पाणी आतड्यातून गळत होतं.

दे यांनी प्रयोग केला तो असा. तो नीट ऐका, कारण त्याचं सौंदर्य त्याच्या साधेपणात आहे.

सशाला भूल देऊन त्याचं पोट उघडायचं. लहान आतड्याचा बोटभर लांबीचा भाग दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधून वेगळा करायचा. म्हणजे दोन्हीकडून गाठ मारलेली एक बंद नळी झाली. रक्तपुरवठा मात्र चालू. या बंद नळीत सुईने कॉलऱ्याचे जंतू सोडायचे. शेजारी तसाच दुसरा भाग बांधायचा आणि त्यात जंतूंशिवायचं नुसतं द्रव सोडायचं. पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी बघायचं.

दुसऱ्या दिवशी जंतू सोडलेला भाग पाण्याने टम्म फुगलेला! आत तांदळाच्या धुवणासारखंच पाणी. शेजारचा भाग चपटा, जसाच्या तसा.

हा अन्वय-व्यतिरेक बघा. ससा तोच, आतडं तेच, रक्त तेच, दोरा तोच, वेळ तीच. फरक एकाच गोष्टीचा. तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालावं असं हे उदाहरण आहे. दे आणि त्यांचे सहकारी डी. एन. चॅटर्जी यांनी हे काम 1953 मध्ये इंग्लंडच्या विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. प्राण्याला पूर्ण कॉलरा व्हायलाच हवा, हा हट्ट त्यांनी सोडला. रोगाचा जो गाभा, म्हणजे आतड्यात पाणी येणं, तेवढाच वेगळा काढून डोळ्यांसमोर आणला.

1956 मध्ये त्यांनी हीच पद्धत ई-कोलाय या जंतूच्या काही प्रकारांना लावली आणि तेही आतड्यात पाणी आणतात हे दाखवलं. लहान मुलांच्या हगवणीमागे आणि प्रवाशांच्या जुलाबांमागे हे जंतू असतात, हे पुढे जगभर मान्य झालं.

आता शेवटचं पाऊल. पाणी येतं ते जंतूमुळे की जंतूने बाहेर टाकलेल्या एखाद्या द्रव्यामुळे? दे यांनी ज्या द्रवात जंतू वाढवले तो द्रव गाळून घेतला, इतका बारीक, की त्यात एकही जंतू राहू नये. आणि हे निर्जंतुक द्रव आतड्याच्या बंद भागात सोडलं. भाग फुगला.

जंतू नाही, तरी पाणी आलं! म्हणजे व्यापार सापडला. जंतूपासून उत्पन्न होणारं आणि पाण्याचा लोट उत्पन्न करणारं मधलं द्रव्य. हे फायफर यांच्या अंतर्विषासारखं उकळून टिकणारं नव्हे. उष्णतेने नष्ट होणारं, जिवंत जंतू बाहेर सोडतो ते विष. मघाशी म्हटलेला ‘नेचर’मधला दोन पानांचा लेख तो हाच.

याच वर्षी आपल्या मुंबईतही ही गोष्ट दुसऱ्या वाटेने दिसली होती, हे इथे सांगायलाच हवं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये निर्मल कुमार दत्ता आणि त्यांचे सहकारी सशाच्या अगदी लहान पिलांवर काम करत होते. पूर्ण वाढलेल्या सशाला कॉलरा होत नाही, पण काही दिवसांच्या पिलाला आतड्यात जंतू दिले तर जुलाब होतात, हे दत्ता आणि हब्बू यांनी 1955 मध्ये दाखवलं होतं. 1959 मध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी दाखवलं, की जिवंत जंतू न देता त्यांच्यापासून काढलेला विषारी अंश दिला तरी पिलांना जुलाब होतात. कलकत्ता आणि परळ, दोन वाटा, एकच उत्तर. एकच गोष्ट दोन निरनिराळ्या प्रमाणांनी कळली की तिच्यावरचा आपला विश्वास दुणावतो.

कळल्याने काय फरक पडला

तुम्ही म्हणाल, प्राध्यापक, ठीक आहे, व्यापार सापडला. माणसं वाचली का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर जपून द्यायला हवं.

तोवरची समजूत अशी होती, की कॉलऱ्यात आतड्याचं आतलं अस्तर सोलून निघतं. आतडंच सोलवटलं असेल तर तोंडाने पाणी देऊन उपयोग काय? ते शोषणार कोण? म्हणून पाणी द्यायचं ते शिरेतून. ही कल्पनाही जुनी. 1831 मध्ये विल्यम ओशॉनेसी यांनी इंग्लंडमध्ये रुग्णांचं रक्त तपासून दाखवलं, की त्यातलं पाणी आणि क्षार गेलेले असतात. 1832 मध्ये स्कॉटलंडच्या टॉमस लाटा यांनी शिरेतून मिठाचं पाणी दिलं. ओशॉनेसी पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातच शिकवायला आले. विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात ही पद्धत सुधारून मृत्यूचं प्रमाण बरंच खाली आणलं. पण शिरेतून द्यायला निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शिकलेली माणसं हवीत. आणि कॉलरा येतो तो नेमका जिथे यातलं काहीच नसतं तिथे.

दे यांच्या प्रयोगांनी वेगळं चित्र दाखवलं. आतडं सोललं जात नाही, त्याचं वागणं बदलतं. 1960 मध्ये बँकॉकच्या रुग्णांच्या आतड्याचे जिवंतपणी घेतलेले नमुने प्रसिद्ध झाले. त्यांतही अस्तर शाबूत दिसलं. त्याच वर्षी रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं, की आतडं साखर आत घेतं तेव्हा तिच्याबरोबर सोडियमही आत जातं. सोडियम गेलं की मागोमाग पाणी जातं. 1969 मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पुढे त्याची रचनाही कळली. पाच घटकांचं एक कडं आतड्याच्या पेशीला चिकटतं आणि सहावा घटक आत शिरून पेशीचा एक नळ उघडा ठेवतो. क्लोराइड बाहेर वाहतं आणि त्याच्यामागे पाणी. पण साखर-मीठ आत घेणारं दुसरं दार हे विष बंद करत नाही! एक नळ फुटला आहे, दुसरा शाबूत आहे. शाबूत नळातून पाणी भरत राहा, तोवर फुटका नळ आपोआप दुरुस्त होतो, कारण आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांत नव्या येतात.

इथे एक जुनी नोंद महत्त्वाची आहे. 1953 मध्ये, दे यांचा पहिला लेख आला त्याच वर्षी, कलकत्त्याच्याच हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, की त्यांनी 186 रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केलं. ते मान्य झालं नाही. हिशेबशीर मोजमाप नव्हतं, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि हे का घडावं, याचं स्पष्टीकरण तेव्हा कुणाच्याच हाती नव्हतं. कार्य दिसत होतं, व्यापार माहीत नव्हता, म्हणून डोळ्यांनी दिसलेलंही जाणकारांना पटेना. व्यापाराचं ज्ञान ही नुसती बौद्धिक चैन नाही, असं मी म्हणतो ते यासाठी.

पुढे 1968 मध्ये ढाक्याला डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजूनमापून तोंडाने देण्याची पद्धत सिद्ध केली. आणि 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे आले, बनगावला कॉलरा उसळला, शिरेतून द्यायचं पाणी संपलं, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी पिंपांमध्ये हे पाणी भरून नातेवाइकांच्या हातात पेले दिले. लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम साधं मीठ, 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. खर्च लिटरला 11 पैसे. आठ आठवड्यांत 3,700 रुग्ण. आजूबाजूला तीस टक्क्यांपर्यंत माणसं मरत होती, तिथे हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं.

आता मघाशी म्हटलं ते जपून बोलणं. दे यांच्या लेखातून हे पाणी निघालं असं कुणी सांगितलं, तर ते मानू नका. आधी घडलं म्हणून ते कारण, असं म्हणणं म्हणजे पुन्हा गाढवाला कुंभार समजणं. क्रेन यांचं काम वेगळ्या वाटेने झालं, ढाक्याचं वेगळ्या. दे यांनी दिलं ते असं : हा रोग आतड्यातच घडतो, एका विषाने घडतो, आणि आतड्याची मोडतोड न होता घडतो, या चित्राचा पाया. त्या चित्रात तोंडाने पाणी देणं हा भाबडेपणा राहिला नाही. ते तर्काला धरून झालं. एवढंच श्रेय द्यायचं. एवढं पुष्कळ आहे.

दखल

आणि श्रेयाचं काय झालं? सुरुवातीची काही वर्षं या लेखाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1961 मध्ये इंडोनेशियातून कॉलऱ्याची सातवी जागतिक साथ सुरू झाली, तेव्हा अमेरिकेत आणि इतरत्र पैसा नि माणसं या रोगाकडे वळली आणि हळूहळू सगळ्यांच्या प्रयोगशाळांत दे यांची सशाची पद्धत आली. दे मात्र 1973 मध्ये निवृत्त झाले. हयातीत त्यांना देशातल्या कोणत्याही मोठ्या विज्ञान-अकादमीचं सदस्यत्व मिळालं नाही. 1978 मध्ये नोबेल प्रतिष्ठानने कॉलऱ्यावर परिसंवाद भरवला, तेव्हा त्यांना बोलावलं. तिथे ते अशा अर्थाचं बोलले, की साठच्या दशकापासून आपण मेल्यासारखेच होतो, या परिसंवादाने उकरून बाहेर काढलं. 1985 मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी युजीन गारफिल्ड यांनी कोणत्या शोधनिबंधाचा आधार किती जणांनी घेतला याचा हिशेब मांडला, त्यात दे यांच्या कामाचं मोल दिसलं. 1990 मध्ये ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेष अंक काढला.

यावर हळहळ व्यक्त करणं सोपं आहे. मला त्यापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आपल्याच शहरातल्या माणसाने आपल्याच रोगाबद्दल लिहिलेलं आपण का वाचलं नाही? माझं उत्तर असं : कारण आपण प्रश्न संपला असं धरून चाललो होतो. जंतू कॉखनी शोधला, विष फायफरनी शोधलं, आता उरलं काय? ज्यांना प्रश्नच शिल्लक दिसत नाही, त्यांना उत्तर कसं दिसणार?

ही सवय कॉलऱ्यापुरती नाही. नवी साथ आली की आपण पहिल्यांदा विचारतो, ‘जंतू कोणता?’ नाव कळलं की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं. नाव हवंच. पण त्याच्या पुढचा प्रश्न, ‘तो नेमकं करतो काय, आणि शरीरात कुठे करतो?’ हा धिम्या माणसांचा प्रश्न आहे. त्याला वेळ लागतो, दोरा आणि ससा लागतो, आणि दहा वर्षं एकाच गोष्टीकडे बघत बसायची तयारी लागते.

तर्कशास्त्राच्या वर्गात मुलं विचारतात, सर, या व्यापार-बिपाराचा उपयोग काय? मी आता त्यांना औषधांच्या दुकानात पाठवतो. तिथे ओआरएसची पुडी मिळते. तिच्यावर ग्लुकोज आणि क्षारांचं प्रमाण छापलेलं असतं. मुलांना सांगतो, साखर चवीसाठी असती तर कितीही घातली असती. ती मोजून का घातली आहे, याचं उत्तर शोधून आणा, मग आपण व्यापाराची व्याख्या वाचू.